ओटिसचा खांदा
ओहायोतल्या आमच्या बेसबॉल संघाच्या करारात अट होती, थंडीत फुटबॉल खेळाल तर घरी बसाल. तरी पोटासाठी आम्ही खेळायचो, फक्त खोट्या नावांनी. मार्चमधल्या पहिल्या सरावात आमचा गोलंदाज ओटिसने टाकलेला चेंडू माझ्या हातमोज्याच्या दोन पावलं अलीकडेच पडला. “खांदा आहे की भिजलेली उशी?” मॅनेजर भडकला. “अरे, या थंडीत कॅन्टन शहरातल्या सामन्यात मी ड्रेनन नावाचा फुटबॉलवाला पाहिला. खांदा मोडला, तरी पठ्ठ्या शेवटपर्यंत धावला! त्याच्याकडून शीक जरा. जा, सामान उचल.” “साहेब, तो ड्रेनन मीच,” ओटिस हळूच म्हणाला. “महिनाभर थांबा, खांदा बरा होईल.” मॅनेजर खो-खो हसला. “आणि मी राष्ट्राध्यक्ष! साक्षीदार आहे कुणी?” ओटिसने माझ्याकडे पाहिलं. त्या सामन्यात मी त्याच्या शेजारीच खेळलो होतो, मीही खोट्याच नावाने. मी वाकून चेंडू उचलला आणि पुढच्या गोलंदाजाकडे फेकला.