मोकळ्या रस्त्याचा कौल

हरिश्चंद्र तात्या मुंबईला पोचले नाहीत. पण हे वाक्य अजून लिहिलंच गेलेलं नाही असं समजू. कारण आत्ता सकाळ आहे, तात्या जिवंत आहेत, आणि मिठबावच्या देवळापुढे उभ्या केलेल्या गाडीत पुढच्या सीटवर बसून ते आंब्याचा मोहोर बघतायत.

"औंदा बरो इलो," ते म्हणाले. "फवारणी कोण बघतलो?"

"तुमीच येऊन बघा," मागच्या सीटवरून सुगंधाबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि त्यांच्या मांडीवर खोबऱ्याच्या वड्यांचा डबा होता. मुंबईच्या डॉक्टरांसाठी.

ऑपरेशन उद्या. डॉक्टरांनी फोनवर एकच बजावलं होतं, पेशंटला गाडीत ताटकळत ठेवू नका. रेल्वे फुल्ल होती. नवं वर्ष लागलं होतं आणि मालवणात मासे खाऊन अख्खी मुंबई एकदम परत निघाली होती. गाडी चालवणार होता मुलगा अजय. त्याच्या फोनवर हायवे लालभडक दिसत होता. घाटाने जावं तर कोल्हापूर, सातारा, पुणे आडवी येणार. उरला किनाऱ्याचा रस्ता. त्यावर खाड्या, फेरीबोटी आणि तुरळक म्हशी.

म्हणून देवाला विचारायचं ठरलं.

लवू गुरवाने पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर किनारा, डावी पडली तर हायवे. देवाला तिसरी बाजू नव्हती, म्हणून घाट बाद झाला.

अजय कुडाळच्या एका कचेरीत कारकून होता. घाबरला की त्याच्या तोंडून कचेरीच बाहेर पडायची. हात जोडून तो म्हणाला, "सदर प्रवासादरम्यान रहदारीचा अडथळा—"

"अरे, देवाक आपल्या भाषेत सांग," लवू म्हणाला. "नायतर तुझो अर्ज तो फायलीक लावतलो."

"बरां. देवा, जंय गर्दी नाय ती वाट दाखव."

"आणि पोचतले मां, तांय इचार रे," गाडीतून सुगंधाबाई ओरडल्या.

"एका येळी एकच," लवू म्हणाला.

"आई, पोचतलेच. तां कित्याक इचारूचा?"

उजवी कळी पडली. इतकी चटकन, की लवू स्वतःच दचकला. त्याने ती कळी उचलून अजयच्या हातात दिली. अजयने ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली, आणि ते निघाले.

देवाने शब्द पाळला. विजयदुर्गचा फाटा मागे पडला, पुढे रत्नागिरी मागे पडली, रस्त्यात चिटपाखरू नाही. "आपल्या बापाचो रस्तो," तात्या म्हणाले आणि एक वडी मागून खाल्ली.

भर दुपारी एक खाडी आडवी आली. फेरीबोट पलीकडच्या काठाला उभी होती.

"चार गाड्या झाल्या की बोलावतो," धक्क्यावरचा तिकीटवाला म्हणाला. "त्याशिवाय डिझेल परवडत नाही."

"किती झाल्या?"

"तुमची धरून एक."

"पेशंट आहे हो गाडीत!"

तिकीटवाला माणूस चांगला होता. त्याने लगेच फोन लावला. "सोडतील म्हणतायत. पण रिकामी बोट आणायची तर साहेबांना विचारावं लागतं, आणि साहेब जेवायला गेलेत."

तात्यांच्या कपाळावर घाम आला. जानेवारीचा थंड वारा सुटला होता, आणि घाम आला. रत्नागिरीचं मोठं हॉस्पिटल आता पार मागे राहिलं होतं. पुढचा दवाखाना पलीकडच्या काठावर होता. त्याच्या पाटीवरचा लाल क्रॉस इथून नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

अजय धावत मागच्या वळणापर्यंत गेला. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. एखादी बस, एखादा टेम्पो, लग्नाचं वऱ्हाड, काहीही. रस्ता स्वच्छ होता. तो धावत परत आला.

"अजय," तात्या डोळे मिटूनच म्हणाले, "गर्दी इली काय रे?"

"नाय, तात्या."

"मगे रस्तो बरो निवडलंस."

सुगंधाबाई डब्याच्या झाकणाने त्यांना वारा घालत होत्या. थोड्या वेळाने त्या थांबल्या. तात्यांच्या छातीवर हात ठेवून बघितलं. मग पुन्हा वारा घालायला लागल्या.

"आई?"

"निजलेहत," त्या म्हणाल्या. "तू गाडये येतत काय बघ."

आणि वळणावर हॉर्न वाजला. एक गाडी, तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. आरशांना चमकीच्या माळा, टपावर फुगवलेलं बदक, खिडक्यांतून गाणी. हायवेच्या ट्रॅफिकला कंटाळून ही परतणारी मुंबईकर मंडळीही किनाऱ्याने निघाली होती.

"झाल्या चार!" तिकीटवाला आनंदाने ओरडला. "नशीब काढलंत!"

पलीकडे बोटीचा भोंगा वाजला. बोट सुटली. सुगंधाबाईंचं झाकण हलतच होतं.

अजयने गाडी सुरू केली नाही. डॅशबोर्डवरच्या कळीपुढे त्याने हात जोडले. त्याला आपल्या भाषेत सांग म्हणणारा लवू इथे नव्हता.

"उपरोक्त विषयास अनुसरून," तो म्हणाला, "सदर तीन गाड्या तासाभरापूर्वीच धक्क्यावर दाखल झाल्या होत्या असे समजण्यात यावे, व त्यानुसार पुढील कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती."