अर्धा प्याला

मशीनच्या पडद्यावर पुन्हा तेच: पेनड्राइव्ह नाही.

"आहे की गं, सटवे!" मेरिम मशीनवरच खेकसली.

खरं तर नव्हताच. नारीन शहरातल्या त्या भरतकामाच्या कारखान्यातलं जुनं मशीन नक्षी फक्त पेनड्राइव्हवरून घ्यायचं. म्हणून लिनक्सचा एक छोटा संगणक वायरीने जोडून पेनड्राइव्हचं सोंग देऊन बसवला होता. आज सोंग वठत नव्हतं.

मालकीण बुरुल-आपांनी आल्याआल्याच बजावलं होतं, "दुपारपर्यंत चालू झालं तर नोकरी तुझी. नाहीतर बस पकड. तुझ्याआधी चौघं गेलेत." गावी जाऊन 'नाही जमलं' म्हणणं मेरिमला मरणाहून जड होतं.

आपांनी चहा ओतला. अर्धाच प्याला, रीतीप्रमाणे. काठोकाठ भरला की समजायचं: पी आणि नीघ.

मेरिमने संगणकाच्या नोंदी वाचल्या. "सोंग वठवणारा प्रोग्राम, हा ड्रायव्हर, म्हणतोय, वायरीचं पोर्ट रिकामं नाही."

"मग आधी कोण बसलंय त्याला उठव की! मला मेलीला काय कळतंय म्हणा."

बसला होता नेटवर्कचा ड्रायव्हर. तिने त्याला हाकलला. आपांनी पुन्हा अर्धा प्याला भरला.

आता ड्रायव्हर म्हणे, नक्ष्यांची फाइल सापडत नाही. फाइल तर समोर! नावही अक्षर न् अक्षर तेच. दुसऱ्या कोणी सगळं पुसून नव्याने बसवलं असतं. मेरिम हाताची घडी घालून नुसती बघत राहिली. केवढा तो धीर पोरीचा! मग ती खुदकन हसली.

"आपा, ड्रायव्हरला दिलेल्या नावात एक अक्षर रशियन आहे. दिसतं अगदी तसंच, पण संगणकाला परकं. कोणीतरी कीबोर्डची भाषा बदलायला विसरलंय."

"अगंबाई! डोळे आहेत की दुर्बीण?"

तिने नाव पुन्हा लिहिलं, ड्रायव्हर चढवला. सुई धावू लागली. पांढऱ्या कापडावर लाल मेंढशिंगांची नक्षी उमटली.

आपांनी डोळे पुसले. "बारा वर्षांपूर्वी हे सोंग मीच रचलं, पोरी. ते अक्षरही मीच घातलं, पारख करायला. चौघांपैकी एकालाही दिसलं नाही."

मग त्यांनी किटली उचलली आणि प्याला काठोकाठ भरला.

मेरिम ताडकन उठली. "आपा, चालू केलं ना मी?"

आपांनी कारखान्याची किल्ली गळ्यातून काढून तिच्यापुढे ठेवली, आणि भरलेला प्याला स्वतःकडे ओढला.