पलीकडचा ठणठणाट

"झालं सुरू मेल्याचं," थोरली म्हणाली आणि हातातलं पातेलं तिनं ओट्यावर आदळलं.

भिंतीपलीकडून ठण, ठण, ठण येत होतं. धाकट्या जावेचा मुलगा लोखंडी नळ्या एका चौकटीला टांगून वाजवत होता. भिंतीच्या अलीकडे थोरलीची मुलगी चिमणी स्वतः केलेला पावा तोंडाला लावून बसली होती. पावा म्हणजे पाण्याच्या पाइपाचे लहानमोठे तुकडे, निळ्या सुतळीनं एकमेकांना बांधलेले आणि खालून बुचं मारलेले.

रोजचंच होतं हे. चिमणी दोन ओळी वाजवून थांबली की पलीकडून ठणठणाट. चिमणीनं परत फुंकलं की तो गप्प.

"चिडवतोय तुला. तू दम घ्यायला थांबलीस की डाव साधतो. आईवर गेलाय."

"वाजवू दे गं. मला नाही त्रास होत."

"तुला कशाचाच त्रास होत नाही. तू बापावर गेलीस."

भिंत घातली तेव्हा गवंड्यानं विचारलं होतं, मध्ये दार ठेवू का? दोघी जावा एकदमच म्हणाल्या होत्या, नको. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांचं एकमत झालं ते तेवढंच. तेव्हापासून दोन चुली, दोन नळ आणि दोन्हीकडच्या पोरांना एकच ताकीद. त्या घराशी बोललास तर बघ.

शाळांच्या विज्ञान स्पर्धेत या वर्षी घरी बनवलेली वाद्यं होती. दोघादोघांच्या जोडीनं भाग घ्यायचा, आपापलं वाद्य हातानं बनवायचं, अमुक नळी अमुक लांबीची का ते परीक्षकांना सांगायचं आणि मग एकत्र वाजवून दाखवायचं. पहिल्या जोडीला दूरच्या विज्ञान विद्यालयात थेट प्रवेश, राहण्याजेवणासकट. थोरलीनं ते ऐकलं आणि तिच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. या भिंतीच्या सावलीत आपला जन्म गेला तो गेला. पोरगी तरी सुटू दे.

"तुझ्या जोडीला कोण आहे?" तिनं एकदा विचारलं होतं.

"शाळेतलाच आहे एक."

"घरचे कसे आहेत? आई कशी आहे त्याची?"

चिमणीनं पाव्याची सुतळी आवळली. "तुझ्यासारखीच आहे."

थोरली खूश झाली. त्या जोडीदाराची काळजी तिनं तिथंच सोडली. काळजी होती ती पलीकडच्याची. तोही त्याच स्पर्धेत होता.

"त्याचं बरं वाजतं का गं?" एके दिवशी जेवताना तिनं सहज विचारल्यासारखं केलं.

"बरं काय, एकदम सुरात आहे. एकेक नळी कानशीनं घासून जुळवलीय त्यानं. जपून करावं लागतं. नखभर जास्त घासली की सूर चढतो, मग काही केल्या खाली येत नाही."

"तुला कसं ठाऊक?"

"विज्ञान आहे, आई."

थोरलीनं मान डोलावली आणि मुलीच्या ताटात आणखी वाढलं.

वाद्यं स्पर्धेच्या आदल्या दिवशीच शाळेत जमा करायची होती. दुपारी थोरलीनं नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतली कानस पिशवीत टाकली आणि चिमणीची बाटली राहिली, असं शाळेच्या शिपायाला सांगून ती जिना चढू लागली. वरून धाकटी उतरत होती, रुमालाला हात पुसत.

"तू इकडे कुठं?" थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

"शाळा तुमच्या नावावर केलीय का, जाऊबाई? पोराचा डबा राहिला होता."

"मिळाला?"

"मिळाला की."

तिच्या हातात डबा नव्हता. पण थोरलीला स्वतःचीच घाई होती.

प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. लांब टेबलावर सगळी वाद्यं मांडली होती, आणि चिमणीच्या पाव्याला खेटूनच ती टांगलेल्या नळ्यांची चौकट. इथंही शेजार सुटत नाही, थोरली पुटपुटली. चौकटीलासुद्धा निळीच सुतळी होती. चोरली असणार, दुसरं काय. तिनं एक नळी मुठीत धरली. या पोराला चालायला आपण शिकवलं होतं, भिंत व्हायच्या आधी, हे तिला नेमकं तेव्हा आठवलं. मग चिमणी आठवली. तिनं कानस चालवली. एक नळी, दुसरी, तिसरी. खाली पडलेला कीस तिनं फुंकरीनं उडवला आणि ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. धाकटी पहिल्या रांगेत बसली होती, मान अशी ताठ की मागच्याला मंच दिसू नये. बस ऐटीत, थोरली मनात म्हणाली, अजून थोडा वेळ बस. ती दोन रांगा मागे, कडेला बसली होती. तिथून जावेचं तोंड तिला एका बाजूनं दिसणार होतं.

दोन जोड्या वाजवून गेल्या. एकीची तार तुटली, दुसरीला परीक्षकांनी प्रश्न विचारून रडवलं. थोरलीचा जीव भांड्यात पडला.

"पुढची जोडी," बाईंनी पुकारलं.

चिमणी मंचावर आली, पावा छातीशी धरून. तिच्या मागोमाग ती लोखंडी नळ्यांची चौकट आली आणि चौकटीमागून पलीकडचा पोरगा. त्यानं चौकट चिमणीच्या शेजारी ठेवली. माइक तिच्या उंचीला आणून दिला. दोघं एकमेकांकडे बघून हसली, खूप दिवसांची सवय असल्यासारखी.

थोरली उठून उभी राहिली. थांबा म्हणायला तिनं हात वर केला. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, बसा की."

पोरानं हातोडी उचलली आणि चिमणीच्या इशाऱ्याची वाट बघत तशीच वर धरली. चिमणीनं छाती भरून श्वास घेतला आणि फुंकलं.

नुसती वाफ सुटल्यासारखा आवाज आला. तिनं दुसऱ्या नळीत फुंकलं, तर चिरका, भलताच सूर. चिमणीनं पावा खाली घेतला आणि ती नळीच्या तोंडात वाकून बघू लागली. त्या पाव्याला थोरलीनं बोटसुद्धा लावलं नव्हतं. तिनं समोर बघितलं. पहिल्या रांगेत धाकटीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.