मुठीतली शिंपली

“लेकराला कुशीवर निजव, मुठीत शिंपली दे, न्हायतर ते आयशीला शोधत फिरतं.” सासूचं सांगणं ऐकून केसरनं आपलं गेलेलं तान्हं तसंच मातीआड केलं होतं. आज खाडीकाठच्या उत्खननात घमेलं उचलताना तिला इवलासा सांगाडा दिसला, तसाच कुशीवर, मुठीत शिंपली. “हजारो वर्षांपूर्वीचं बाळ, मावशी,” संशोधक बाई म्हणाल्या. “म्हंजे तवाबी सांगायला सासू व्हती?” बाई हसल्या आणि त्यांनी शिंपली तपासणीसाठी पिशवीत टाकली. “ठेवा वो परत, ते आयशीला शोधंल!” “पुण्याला पाठवावीच लागेल.” सगळे पांगल्यावर केसर खड्ड्याशी वाकली. “रडू नको, बाला. सांजच्याला येते मी.” दिवेलागणीला तुळशीपुढे हात जोडताना तिला खाडीकडून बारीक रडणं ऐकू आलं. घरातल्या कुणाचीच मान वळली नाही. सोमवारचा उपास सोडायला ठेवलेली दुधाची वाटी पदराआड धरून ती खड्ड्याकडे निघाली.