दुखऱ्या जागा

झोपेत मानेवर पुन्हा ते बोट टेकलं. थंड, खरखरीत. मानेच्या बुडाशी, जिथं सोनिकाला सगळ्यात जास्त ठणकायचं, अगदी तिथंच. मग ते खांद्यावर सरकलं. मग कोपराजवळ. मग कमरेखाली. एकही जागा चुकली नाही. सोनिकानं डोळे किलकिले करून पाहिलं. भर दुपारी, कूलरच्या घरघरीत, सासू तिच्या उशाशी बसली होती. तुळसाबाई. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

सोनिकानं डोळे गच्च मिटून घेतले. कारण त्या जागा तिनं सासूला कधी सांगितल्याच नव्हत्या. सांगणार कशी? तोंड उघडलं की म्हातारी गप्प करायची. "चूप! दुखते-बिखते बोलायचं नाही. अन् कुठं दुखते ते तर कोणालेच सांगायचं नाही. समजलं?" नवऱ्याला नाही, शेजारणीला नाही, माहेरी तर नाहीच नाही.

आणि दुखणं तरी कसलं! ना सूज, ना जखम, ना ताप. शहराबाहेर वाडीच्या गोदामात खोक्यांना चिकटपट्ट्या लावून घरी आली की सगळं अंग मुसळानं कांडल्यासारखं व्हायचं. झोपून उठली तरी थकलेलीच. पोळ्या लाटताना हात गळायचे, ब्लाऊजचा हूक लावताना डोळ्यांत पाणी यायचं. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं नॉर्मल. नवरा विक्की टेम्पो चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण तोही वैतागला होता. सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव कोणीतरी सुचवलं, तेव्हा त्यानं बजावलं, "हे शेवटचं पाह्य. इथंबी नॉर्मल निघालं, तर मंग दुखण्याचं नाव काढू नको."

त्यात हे बोट! घर दर पौर्णिमेला विहारात जाणारं. करणी, भानामती असलं इथं कोणी मानत नसे. नुसता शब्द काढला असता तरी विक्की अंगावर आला असता. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! म्हातारीला जागा ठाऊक आहेत, म्हणजे दुखणं तिथं ठेवलं तिनंच. हे एकदा मनात आलं, ते गेलंच नाही. सासूच्या हातचा चहासुद्धा सोनिका गुपचूप मोरीत ओतू लागली.

दवाखान्यात जायच्या दिवशी तुळसाबाई आधीच दारात उभी.

"मी येतो संगं."

"काहून आई, एवढ्या उन्हात?"

"येतो म्हटलं ना!"

ऑटोत म्हातारी नुसतं सोनिकाचं मनगट धरून बसली. ते सोडवून घ्यायची सोनिकाची छाती झाली नाही.

डॉक्टरीणबाईंचा आवाज मोठा मऊ होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हाताला, पाठीला हळूच दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "हे खरं दुखणं आहे. फायब्रोमायल्जिया म्हणतात याला. रक्तात, फोटोत दिसत नाही. पण तुम्ही सोंग करत नाही आहात."

सोनिकाला एकदम हुंदकाच फुटला. अगं बाई, हे एवढंच तर ऐकायचं होतं तिला! डॉक्टरीणबाई पुढं सांगत होत्या. मुळापासून जाईल असं वचन देत नाही, पण कमी नक्की करता येतं. झोप लागावी म्हणून गोळी आहे. रोज थोडं थोडं चालायचं, झेपेल तसं वाढवायचं. कामात मधेमधे विसावा घ्यायचा. "आणि गरम शेक. आता कुठं कुठं दुखतं, तिथं बोट ठेवून दाखवा बरं. मी पेनानं खुणा करते. आतल्या खोलीत सिस्टर शेक कसा घ्यायचा ते दाखवतील."

सोनिकानं हात मानेकडे नेला.

"नाही दुखत तिले!" तुळसाबाई किंचाळली. "कुठंच नाही दुखत! खोटं बोलून राहिली ते!" तिनं डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन हिसकावलं आणि सोनिकाला दाराकडे ओढू लागली. तोंड पांढरंफटक पडलेलं.

आता मात्र सोनिकाचा तोल गेला. एवढ्या मिनतवारीनं कोणीतरी विश्वास ठेवला होता, तोही ही म्हातारी हिरावून घेणार! लाजलज्जा गुंडाळून ठेवून ती ओरडली, "तुम्हीच केलं ना हे? मी झोपली का बोट ठेवून राहता, माहीत हाये मले! सांगतलं नाही तरी तुमाले कसं ठाऊक, कुठं दुखते ते? करणी केली ना माह्यावर?"

तुळसाबाईचा हात सुटला. मग तिनं पदर बाजूला केला आणि ब्लाऊज मानेवरून खाली ओढला. मानेच्या बुडाशी रुपयाएवढा डाग होता, जळून आक्रसलेल्या कातडीचा. तसाच खांद्यावर. तिनं बाही वर केली. कोपराजवळ तसाच.

"तुह्याबी ह्याच जागा हायेत का, म्हून पाहत होतो," ती पुटपुटली.

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या. "आजी, कोणी केलं हे?"

"गावचा भगत. सासऱ्यानं आणला होता. कोळशानं खुणा केल्या, मंग सळई तापवली." आतल्या खोलीच्या दारावरची नजर म्हातारीनं काढली नाही. सुनेला आपल्या पाठीमागं घेऊन तिनं आवाज अगदी खाली आणला.

"मलेबी पयले असंच गोड बोलून विचारलं होतं वं पोरी, कुठं कुठं दुखते म्हून."