मिशीसकट झगा

"मशीन गेलं तळाला!" थोरला शिंपी न्हाव्याच्या खुर्चीतूनच ओरडला, गालाला साबण तसाच. समोर समुद्रात मालाची आगबोट खडकावर चढून कलंडली होती. माणसं सुखरूप उतरली, माल पोटात राहिला. त्या मालात त्याच्या धाकट्या भावाचं नवंकोरं शिलाई मशीन होतं. धाकट्यानं समोर दुकान थाटल्यापासून थोरल्याचं निम्मं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं होतं.

"आणि आलंच तर?" न्हाव्यानं वस्तरा थांबवला.

"तर त्यावर शिवलेला पहिला झगा घालून बाजारातून फिरेन!"

"मिशीसकट?"

"मिशीसकट! आणि बुडालं तर वर्षभर माझी दाढी फुकट."

बाकावरचे शेजारी लगेच साक्षीला तयार.

दुपारी माल काढायला होड्या निघाल्या, तर पहिल्याच होडीत थोरला. मदतीला, म्हणे! खरं तर ते मशीन बुडताना त्याला डोळे भरून बघायचं होतं.

आगबोटीच्या कुशीला भलंमोठं भगदाड पडलं होतं. वरून दोरानं पेट्या सोडत होते. धाकट्याची पेटी अर्ध्यावर आली आणि दोर सटकला. पेटी होडीच्या काठावर आदळली, तिची एक फळी निखळली, आतलं काळं चाक उन्हात लखलखलं.

थोरल्यानं झेप घेऊन पेटीला मिठी मारली.

"काका, सोडा! होडी उलटेल!" नावाडी किंचाळला.

"गप रे! खारं पाणी लागलं तर गंजेल ना!"

किनारा येईपर्यंत तो सदऱ्यानं चाक पुसत होता आणि धाकट्याला शिव्या घालत होता.

शनिवारी अख्खा बाजार रस्त्यावर. पिवळाधमक झगा, खाली तीन झालरी. धाकट्यानं मापसुद्धा घेतलं नव्हतं. "दादा, तुझं माप डोळ्यांत आहे माझ्या," एवढंच म्हणाला.

शिट्ट्या वाजत होत्या. न्हावी हसून हसून खांबाला टेकला. थोरल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो चालता चालता काख चाचपत होता, झालर उलटून शिवण बघत होता. एखादा टाका तरी चुकला असेलच की! कुठे ओढत नव्हतं, कुठे फुगत नव्हतं.

गर्दी सारून बायको पुढे आली. आता ही अंगावर चादर टाकून घरी नेणार, असं त्याला वाटलं. तिनं वाकून शिवणीवरून नख फिरवलं आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"भावजी, मलाही अस्साच एक शिवा. माझं कापड यांच्या दुकानात पडलंय, ते आजच उचला."