तुटल्या धाग्याची खूण

पडद्यावर अर्धीच विमानं. पंख आहेत, शेपूट नाही.

गिरणीत दोन बोटं जुळवून फाकवली, की धागा तुटला.

घाटकोपर. दिवाळीची सुट्टी. व्हिडिओ गेमची आठ मशीनं, त्यातल्या सातांचा गोंगाट.

नसलेल्या मिशीला पीळ दिला, की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय.

आठवं मशीन भिंतीपासून ओढून काढलेलं, मागची फळी उघडी. सहदेव आतल्या बोर्डवर वाकलेला. हातात पेनासारखा प्रोब. त्याचं टोक चिपच्या पायाला टेकवायचं. सिग्नल वाहत असेल तर पेनातला लाल दिवा लुकलुकतो. पडदा पुढे, सहदेव मागे. म्हणून त्याची बायको जानकी कडेला उभी. डोळे पडद्यावर, हात नवऱ्याला दिसेल असा.

"काय दिसता गो?" सहदेव ओरडला.

जानकीने दोन बोटं फाकवली.

पार्लरचा मालक नंदकिशोर गल्ल्यावरून उठला. जानकीने मिशीला पीळ दिला. सहदेव हसू दाबून पुन्हा वाकला.

नंदकिशोर त्याच्या पाठीशी येऊन थांबला. "अरे, पायावर झुरळ चढलंय तुझ्या!"

सहदेव हलला नाही.

"बहिरा आहे काय गं हा?"

"साचेखात्यात मागांच्या आवाजाने कान गेले," जानकी म्हणाली. "गिरणीत त्या खडखडाटात सगळे हातांनीच बोलायचे."

"आणि मी आठही मशीनं याच्या हाती द्यायला निघालो होतो! वाट लागली असती. अंधेरीच्या माणसालाच बोलावतो."

"मशीन बोलतं कुठे, शेठ? हे एक होऊ दे. मग बोलवा कुणाला बोलवायचं ते."

एका चिपच्या पायाशी दिवा लुकलुकला. तिथून निघालेली तांब्याची रेघ दुसऱ्या चिपला पोचत होती. तिथे दिवा मेलेला. सहदेवने रेघेवरून नख फिरवत नेलं. मध्येच नख अडकलं. केसाएवढी चीर.

त्याने तारेचा तुकडा चिरेवर आडवा धरला आणि जानकीकडे पाहिलं.

शेपट्या आल्या. जानकीने अंगठा तर्जनीवर घासून हवेतच गाठ मारली.

सहदेवने तारेला दोन्हीकडून डाग दिला.

नंदकिशोर पडद्यासमोर उभा राहिला. एक विमान पाडलं. मग आणखी एक. मग वळसा घालून तो मागे, सहदेवच्या अगदी समोर आला आणि तोंड मोठं उघडत, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "सगळी. मशीनं. तुझी."

"कळलं, शेठ. ओरडू नका," सहदेव ओरडला.

जानकी हसली. तिने करंगळीने कानाची पाळी दोनदा हलवली. सहदेव एकदम लाजला आणि घाईघाईने हत्यारं पिशवीत भरू लागला.

"हे काय आता? हेपण साचेखात्यातलं?" नंदकिशोरने विचारलं.

"नाही," जानकी म्हणाली आणि तिने पदर सारखा केला.

लग्न झालं तेव्हा वाकोल्याच्या त्यांच्या एका खोलीत नऊ माणसं झोपायची. ही खूण तेव्हाची.